आईच्या मृत्युपत्रासाठी आम्ही वकील कसा शोधला

बाबांचं मृत्युपत्र दीड पानाचं होतं. हिरव्या लेजर कागदावर टाइप केलेलं, खाली बाबांची वळणदार सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. 2016 साली त्यांचं तेरावं झाल्यावर आम्ही ते कपाटातून काढलं. त्यात तीन चुका होत्या आणि त्या सुधारायला बाबाच नव्हते.

ऐरोलीचं घर आई आणि बाबा अशा दोघांच्या नावावर, पण मृत्युपत्रात बाबांनी अख्खं घर दादाला लिहून दिलेलं. आईचा हिस्सा देण्याचा अधिकार त्यांना नव्हताच. साक्षीदार म्हणून सह्या केलेले त्यांचे दोन्ही मित्र त्यांच्याहून वयाने मोठे, आणि दोघंही बाबांच्या आधीच गेलेले. आणि बँकेतल्या ठेवी, पोस्टातले पैसे, मुरबाडकडची जमीन याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

ज्यांनी ते लिहून दिलं ते वकील बाबांच्या ओळखीतले, स्वभावाने चांगले. पण आयुष्यभर फौजदारी कामं केलेले. त्यांनी घराचा करारनामा मागितला नाही, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहिलं नाही. बाबांनी जे सांगितलं ते टाइप करून दिलं. आम्हा तिघा भावंडांत भांडण नव्हतं, तरी पुढची अडीच वर्षं कागदांमागे फिरण्यात गेली. शेवटी आम्ही तिघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं आणि घर एकट्या आईच्या नावावर झालं.

मी ठाण्यात बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं मयत खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर यायचे. कपाळावर कुंकू नसलेल्या बायका, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मिळतील ते सगळे कागद. रोज हेच बघितल्यावर, आई चौऱ्याऐंशीव्या वर्षी आपणहून म्हणाली, "माझंही लिहून ठेव गं, पण नीट," तेव्हा मी ठरवलं की यावेळी ओळखीच्या भरवशावर जायचं नाही, वकील शोधून आणि पारखून घ्यायचा.

वकिलाकडे जाण्याआधी एक काम घरीच करा. एका वहीत तुमच्याकडे काय काय आहे ते लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवा: कागदावर नाव कोणाचं, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे आहे. आम्हाला यात दोन रविवार लागले. आईच्या वहीत घर आलं, मुदत ठेवी आल्या, बाबांच्या पश्चात सातबाऱ्यावर चढलेलं तिचं नाव आलं, पाटल्या आल्या. शिवाय एका बँकेतलं विसरलेलं खातं सापडलं, त्याला नॉमिनी म्हणून अजून बाबांचंच नाव. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, तेव्हा ही दुरुस्ती लगेच करून घ्या.

नॉमिनीबद्दल मात्र मी जरा थांबून सांगते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त रडारड याच गैरसमजातून झाली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला. सोसायटीतही तेच: सभासद गेला की नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. म्हणून पहिल्या भेटीत वकिलाला मुद्दाम हा प्रश्न विचारा: "नॉमिनी तर लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?" जो वकील यावर पाच मिनिटं शांतपणे समजावतो तो पुढे ऐकण्यासारखा. जो म्हणतो "हो हो, नॉमिनी असेल तर चालतं," त्याला नमस्कार करून उठावं.

आता शोधायचं कुठे? ठाण्यातल्या कोर्ट नाक्यावर गेलात तर वकील पावलोपावली आहेत. जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, टायपिस्ट, नोटरी, झेरॉक्सवाले, सगळं एकाच टापूत. फाटकाशी "काय काम आहे, काकू?" म्हणत पुढे येणाऱ्या माणसाबरोबर मात्र जाऊ नका. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेची, मनाई आहे, आणि असा माणूस तुम्हाला ज्याच्याकडे नेतो तो वकील तुम्ही निवडलेला नसतो.

मी तीन ठिकाणी विचारलं. आमच्या चरईतल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, कारण सभासद गेल्यावर येणारी मृत्युपत्रं तेच वाचतात आणि कोणाचा कागद विनाअडथळा पार पडतो हे त्यांना ठाऊक असतं. माझ्या जुन्या शाखेतल्या सहकाऱ्याला, त्याच कारणाने. आणि ऐरोलीत आईच्या शेजाऱ्यांना, ज्यांनी सासऱ्यांच्या पश्चात घर नावावर करून घेतलं होतं. प्रश्न एकच ठेवला: "ज्यांनी मृत्युपत्र लिहून दिलं, त्यांचं काम माणूस गेल्यावर टिकलं का?" लिहून देताना सगळेच खूश असतात. उपयोगाचं मत त्या घरचं, जिथे तो कागद नंतर वापरावा लागला.

नवी मुंबईकरांसाठी एक वेगळी गोष्ट. तिकडची बहुतेक घरं सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर आहेत. सोसायटीच्या नोंदवहीत नाव बदललं म्हणजे काम संपलं असं नसतं, सिडकोच्या नोंदीतही वारसाचं नाव चढवावं लागतं. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीच्या गावठाणांजवळ साडेबारा टक्के योजनेतले, म्हणजे जमीन घेतल्याच्या बदल्यात गावकऱ्यांना परत दिलेले, भूखंड असतील तर कुटुंबातल्या चार-पाच शाखांची नावं एकत्र असू शकतात. तुमची मालमत्ता तिकडे असेल तर हे काम स्वतः केलेला वकील बघा. ठाण्यात घर आणि गावाला शेती असेल तर सातबारा आणि फेरफार वाचता येणारा बघा. आईच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिच्यासह आम्हा तिघांची नावं आहेत. त्यातला फक्त तिचा स्वतःचा हिस्सा ती मृत्युपत्राने देऊ शकते, बाकीचा नाही. बाबांच्या वकिलांनी हाच साधा फरक घराच्या बाबतीत पाहिला नव्हता.

नावं मिळाली की पडताळणी. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, मागायला लाजू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदलेल्या प्रत्येक वकिलाला तो असतो. खरा वकील तो सहज सांगतो. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जा, महाराष्ट्र आणि ठाणे जिल्हा निवडा. तिथे वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकाने त्यांचे खटले शोधता येतात. मी हे भाचीला फोनवर करायला लावलं, पंधरा मिनिटांचं काम. मी बघत होते ते एवढंच की दिवाणी आणि वारशाची कामं दिसतात की नुसती चेक परत गेल्याची आणि फौजदारी प्रकरणं. यादी छोटी असली तर लगेच फुली मारू नका. केवळ कागदपत्रं तयार करणारे काही वकील कोर्टात कमी जातात. अशांना सरळ विचारा की तुम्ही लिहिलेल्या मृत्युपत्रावर कधी वाद झाला का, आणि झाला तेव्हा काय झालं.

आम्ही तिघांना भेटलो.

पहिल्यांचं ऑफिस स्टेशनजवळ. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, "मृत्युपत्र कशाला, बक्षीसपत्र करून टाका. मुलांना राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये." शुल्काची गोष्ट खरी आहे. नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहत्या घराचं बक्षीसपत्र करताना महाराष्ट्रात मूळ शुल्क दोनशेच आहे, वर शहराप्रमाणे अधिभार असतो. पण त्यांनी आईला हे सांगितलं नाही की बक्षीसपत्र नोंदवलं त्या क्षणापासून घर तिचं राहत नाही. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्राचं तसं नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण त्यासाठी सांभाळ करण्याची अट त्या कागदात स्पष्ट लिहून घेणंच शहाणपणाचं, नाहीतर ती सिद्ध करता करता म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला राहत्या घराची मालकी सोडायला सांगताना जो वकील हे बोलत नाही, तो माझ्या मते धोक्याचा. कुलमुखत्यारपत्राने (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीने) काम भागवू म्हणणाराही तसाच. ते देणारा माणूस गेला की कुलमुखत्यारपत्र संपतं.

दुसऱ्यांनी "उद्या सही करून टाकू, तयार नमुना आहे" म्हटलं आणि जाताना मूळ शेअर सर्टिफिकेट ठेवून जायला सांगितलं. मी ठेवलं नाही. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायच्या. काही कारणाने मूळ द्यावेच लागले तर तारखेसकट पोच लिहून घ्यायची. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय, पण अडवल्यावर ते सोडवायला तुम्हालाच हेलपाटे घालावे लागतात.

तिसऱ्या एक बाई होत्या, नौपाड्यात. त्यांनी आधी आईची वही वाचली. मग करारनामा मागितला, त्यावरचं नाव शेअर सर्टिफिकेटवरच्या नावाशी ताडलं. करारनाम्यात आईच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर वेगळं होतं, ते त्यांनी पेन्सिलीने गोल केलं. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. मला आजींशी एकट्यांशी बोलायचंय."

मला राग आला होता. आईला ऐकू कमी येतं, तिला मीच घेऊन आले होते, माझाच अविश्वास? बाहेर बाकावर बसून मी घड्याळ बघत होते. चाळीस मिनिटं दार बंद होतं.

नंतर कळलं की तेच त्यांचं सगळ्यात मोलाचं काम होतं. उद्या कोणी म्हणालं की मुलीने आईवर दबाव आणून लिहून घेतलं, तर वकील सांगू शकतात की आजींनी बंद खोलीत, एकटीने, स्वतःच्या शब्दांत सांगितलं. आणि आईने आत जे सांगितलं ते माझ्यासमोर ती कधीच बोलली नसती. तिला तिच्या पाटल्या वहिनीला द्यायच्या होत्या. बाबा आठ महिने अंथरुणावर होते, तेव्हा त्यांचं सगळं वहिनीने केलं होतं. लेकींना काय वाटेल म्हणून आई गप्प होती. हे तिने मला महिन्याभराने सांगितलं, माझा हात हातात घेऊन. म्हणून सांगते, जो वकील म्हाताऱ्या माणसाशी एकट्याने बोलायचा आग्रह धरत नाही, मुलगा सांगेल तसं लिहून घेतो, त्याला काम देऊ नका. तुम्ही स्वतः तो मुलगा किंवा मुलगी असलात तरी.

त्या भेटीत बाईंनी आईला जे प्रश्न विचारले ते मी नंतर वहीत उतरवून घेतले. घर तिघांना समान म्हणता, म्हणजे विकून पैसे वाटायचे की तिघांची नावं लावायची? एकाला तिथे राहायचं असेल तर बाकीच्या दोघांचं काय? तिघांपैकी कोणी तुमच्या आधी गेलं तर त्याचा वाटा कोणाला? वहीत लिहायची राहून गेलेली वस्तू निघाली तर ती कोणाची? मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायची जबाबदारी कोणावर टाकायची, आणि त्या व्यक्तीला हे माहीत आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बाबांच्या मृत्युपत्रात असती तर आमची अडीच वर्षं वाचली असती. तुमचा वकील हे विचारत नसेल तर तुम्हीच त्याच्यापुढे मांडा आणि तो काय करतो ते बघा.

प्रोबेटबद्दलही, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याबद्दलही, विचारून घ्या. मुंबई शहरातल्या मालमत्तेला आणि ठाण्यातल्या मालमत्तेला बरीच वर्षं वेगवेगळे नियम होते. तुमचं एखादं घर दादर-गिरगावात असेल तर आजच्या घडीला काय लागेल हे वकिलाने नेमकं सांगायला हवं.

फीचं लवकर उरकते. तिघांनी तीन आकडे सांगितले: साडेतीन हजार, पंधरा हजार, चाळीस हजार. आम्ही पंधरा दिले. आकड्यापेक्षा त्यात काय काय येतं ते महत्त्वाचं. मसुदा किती वेळा बदलून मिळेल, नोंदणीला वकील बरोबर येणार का, पुढे एखादं कलम बदलायचं झालं तर वेगळे किती, हे एका कागदावर लिहून घ्या. अर्धे आधी, अर्धे सही झाल्यावर. पैसे चेकने किंवा यूपीआयने, पावतीसह. वारशाच्या दाव्यात "जे मिळेल त्यातले इतके टक्के माझे" असं कोणी म्हणालं तर तो व्यवहार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तिथून निघा. फी परवडत नसेल तर ठाण्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी बायकांना हे माहीत नव्हतं.

मसुदा मराठीतच मागा, किंवा सही करणाऱ्याला जी भाषा वाचता येते त्या भाषेत. आईने तो चष्मा लावून, बोट फिरवत, दोन दिवस वाचला. "निःसंदिग्ध" हा शब्द तिला कळला नाही. बाईंनी तो काढून "स्पष्टपणे" घातला.

सहीच्या दिवशी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी तुमच्यादेखत सही करायची. साक्षीदार तुमच्याहून तरुण, ठाण्यातच राहणारा आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारा हवा. त्याची बायको किंवा नवराही लाभार्थी नको. आमचे दोन म्हणजे आईचे फॅमिली डॉक्टर, वय बेचाळीस, आणि माझी बँकेतली धाकटी सहकारी. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात आई मनाने खंबीर आणि सारासार विचार करू शकणारी आहे असं प्रमाणपत्र दिलं, ते सोबत जोडलं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोटरीही लागत नाही. नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नुसता शिक्का मारून "रजिस्टर झालं" सांगणारे भेटतात, सावध राहा.

नोंदणी सक्तीची नाही, पण मी म्हणेन कराच. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा घेतात. आईच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून, भाकऱ्या थापून झिजल्यात. यंत्रावर अंगठा उमटेना. तिथल्या मुलाने तिचा अंगठा ओल्या रुमालाने पुसला, स्वतःच्या हातात धरून हलकेच दाबला, चौथ्या खेपेला उमटला. चालता न येणाऱ्यांसाठी नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतात, 1908 च्या नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. तुमच्या वकिलाला ही सोय माहीत असायला हवी. मजकूर कोणालाच कळू द्यायचा नसेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवायचीही तरतूद त्याच कायद्यात आहे.

काम झाल्यावर वकिलाने तुमच्याशी कसं वागावं, तर मूळ मृत्युपत्र तुमच्या हातात, झेरॉक्स त्यांच्याकडे, आणि तुमचे बाकीचे सगळे कागद यादी करून परत. आमच्या बाईंनी यादीवर आईची सही घेतली. एखाद्या वकिलाने फसवलंच, कागद दिले नाहीत किंवा पैसे घेऊन काम केलं नाही, तर 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याखाली बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. पावत्या आणि पोच त्यासाठीच जपायच्या.

गेल्या गणपतीत आईने मला बाजूला घेतलं. तिला एका नातीच्या नावाने थोडे पैसे वाढवायचे होते. ती पेन घेऊन मृत्युपत्रावरच दुरुस्ती करायला निघाली होती. मी तिचा हात धरला. सही झालेल्या कागदावर खाडाखोड करायची नसते, त्याला पुरवणी मृत्युपत्र करावं लागतं, पुन्हा दोन साक्षीदार, पुन्हा सह्या. मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उकडीच्या मोदकांचं पातेलं बघत बसले. आई दार लावून वकीलबाईंशी बोलत होती.